घेवड्यावरच्या काळ्या अळ्या

ता. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू दिलेला घेवडा मांडवावर चढला आणि शेंड्यांना माव्याची बारीक कीड चिकटली. शेजारीण फवारणीची बाटली घेऊन दारात हजर. तुझं नाव सांगून तिला वाटेला लावलं.

खरी बातमी पुढेच आहे. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून हे खुर्चीतून हलत नव्हते, मला आतून भीती वाटायची. परवा सहज म्हटलं, जरा पानं बघा. तर डोळ्याला भिंग लावून, चिमटा घेऊन बसले. मावा चिमट्यात येत नाही, पण काळ्या, केशरी ठिपक्यांच्या काटेरी अळ्या फिरतात, त्या एकेक टिपून साबणाच्या पाण्यात टाकतात. जेवायला हाका माराव्या लागतात. मावा मात्र वाढतोच आहे. काय करू?

तुझा लोभ आहेच, उत्तराचा आळस तेवढा करू नकोस.

तुझी धाकटी

ता. ९ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

अगं, त्या अळ्या म्हणजे ढालकिड्याची पिल्लं. लाल पाठीवर काळे ठिपके असतात ना, तोच. दिसायला भयंकर, पण मावा खाऊनच मोठी होतात. तुम्ही राखणदारच बुडवले की.

फवारू काही नकोस, उरलीसुरलीही मरतील. शेंड्यांवर पाण्याची धार सोड. जवळ बडीशेप फुलू दे, ढालकिडे तिच्यावर येतात. खताचा हातही आखड, फार कोवळ्या शेंड्यांवर मावा तुटून पडतो.

त्यांच्यापासून लपवू नकोस. चुकीचं बसलेलं चाक काढून पुन्हा बसवण्यात त्यांचा जन्म गेला.

माझा लोभ तुझ्यावर आहे, त्यातला थोडा त्यांनाही दे.

ताई

ता. १४ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. त्यांनी चिमटा पुसून खणात ठेवला आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. तेव्हापासून रुसलेत. तुझं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. रागावले आहे तुझ्यावर.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

धाकटी

ता. १७ मार्च

ती. सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमची बहीण समजते तसा मी रुसलो नव्हतो. लाज वाटत होती. कितीतरी दिवसांनी आपण कुणाच्या उपयोगी पडतोय, असं वाटलं होतं.

काल उठून पाण्याची धार मारली. भिंगाने शोधलं, पिल्लू एकही उरलेलं नाही. काम चोख केलं होतं मी.

तुमच्या बागेतली थोडी पिल्लं द्याल का? टपालाने नको, वाटेत दगावतील. झाकणाला भोकं पाडून डबा तयार ठेवला आहे. रविवारी पहिल्या गाडीने मी एकटाच येतो. मला घ्यायला कुणाला पाठवू नका, घर माहीत आहे.

हे सांगितल्यावर तुमची बहीण नळाशी जाऊन बराच वेळ तोंड धूत होती.

आम्हा दोघांवर लोभ ठेवा, आणि रविवारपर्यंत तुमच्या माव्याला हात लावू नका.

आपला,
घड्याळवाला