बुन-रेच्या नावावर

१७ ऑक्टोबर २०२३, मंगळवार

खोटं लिहून आले. बासष्टाव्या वर्षी, वाचनालयाच्या लेखनवर्गात, चांगल्या वळणदार अक्षरात!

प्यो बाईंनी — बाई कसली, तिशीचीही नसेल. पण वर्ग घेते म्हणून बाई — आजचा विषय दिला : 'माझी पहिली नोकरी, आणि तिथून पुढे'. दोन पानं. पंधरा म्हातारेकोतारे लगेच माना खाली घालून बसले. मी लिहिलं : १९८६, इंचनची मुलींची शाळा, एका वर्गात अठ्ठावन्न मुली, बाहीवर खडू. मग सदतीस वर्षांची मास्तरकी, आणि यंदा ऑगस्टमध्ये निवृत्ती. सगळं खरं. फक्त 'पहिली' तेवढं खोटं.

ताई शेजारीच बसली होती. माझ्या वहीत डोकावून कोपरानं ढोसत म्हणाली, "बरं केलंस. कारखान्याचं कशाला सांगायचं चारचौघांत? मास्तरीण ती मास्तरीण!"

तिला या वर्गाला मीच ओढून आणलं. घरात बसून गुडघे कुरवाळतेस, चल म्हटलं. गाण्याचा वर्ग होता, कागदाच्या फुलांचा होता. मला मेलीला लिहिण्याचाच सुचला!

२४ ऑक्टोबर, मंगळवार

ताईनं आज तिचा लेख वाचून दाखवला. उभी राहून, वही दोन्ही हातांत घट्ट धरून, प्राथमिक शाळेतल्यासारखी. माझ्या डोक्यात शब्दन् शब्द बसलाय.

"माझी पहिली नोकरी नऊ दिवस टिकली. मोज्यांचा कारखाना होता. आठव्या दिवशी मुकादमानं माझा मोजा उचलून सगळ्यांना दाखवला. म्हणाला, असं काम हवं. नवव्या दिवशी म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस, तुझा हात हळू आहे. मग मला कळलं की आदल्या दिवशी त्यानं चेष्टा केली होती."

दुसरा कारखाना सहा दिवस. तिसरा अकरा. केसांचे टोप, रेडिओ, बाहुल्या. दोन वर्षांत अकरा कारखाने! "शेवटी मी ठरवलं, काहींना हात नसतात. मी भांडी घासायला लागले. भांड्यांना काही घाई नसते."

वर्ग हसला. तीही हसली. आणि शेवटचं वाक्य : "पण याच हातांनी मी माझ्या धाकट्या बहिणीला शिक्षिका केलं. ती इथेच बसली आहे."

टाळ्या. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी पण टाळ्या वाजवल्या. वाजवल्या मी!

२५ ऑक्टोबर

आज घरातली सगळी भांडी घासली. घासलेलीसुद्धा.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहून काढते. इथे तरी.

१९७५. मी चौदा वर्षांची. सोलमधला, गुरो भागातला शर्टांचा कारखाना अठराच्या आतल्या मुली घेत नव्हता. म्हणजे घेत होता — कागद अठराचा हवा, एवढंच. बाबांनी ताईच्या नावाचा नोंदणीचा उतारा माझ्या हातात ठेवला. उताऱ्यावर फोटो नसायचा. आमच्या खेड्यातल्या चार मुली अशाच बहिणीच्या नाहीतर चुलतबहिणीच्या नावानं गेल्या. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. ताईच मला बसपर्यंत सोडायला आली. वाटेत मध्येच हाक मारून बघायची, "बुन-रे! ए बुन-रे!" मी ओ दिली की खिदळायची. "घे वापरून माझं नाव. भाताच्या खाचरात मला कोण विचारतंय!"

तीन वर्षं मी योम बुन-रे होते. आधी दोरे कापले, मग इस्त्री, मग कॉलर. कॉलर लावण्यात माझा हात कुणी धरत नसे.

७८च्या वसंतात आम्ही जेवणघरात ठाण मांडलं. महिन्याला दोन रविवार सुटी हवी, बाकी काही नाही. आठ दिवस बसलो. मग पोलीस आले नि एकेकीला उभं करून नावं लिहून घेतली. माझ्या आधीच्या दोघी रडत होत्या. मी ताठ उभी राहून सांगितलं, योम बुन-रे. खरं सांगू? धीट बिट काही नव्हते मी. मनात म्हटलं, नाव आपलं कुठंय, आपल्याला काय होतंय!

सगळ्यांना काढलं. मी पुन्हा योम जोंग-निम झाले. कोरी करकरीत. त्याच वर्षी आई गेली आणि ताई सोलला माझ्या खोलीवर राहायला आली. "तू शीक, मी कारखान्यात जाते," म्हणाली. संपाचं मी तिला सांगितलंच नव्हतं. शिकायचं म्हणून सोडलं, एवढंच तिला माहीत. ती तिच्या स्वतःच्या नावानं, स्वतःच्या उताऱ्यावर कामाला गेली. आणि नवव्या दिवशी घरी आली.

यादी असते हे तेव्हा कुणाला ठाऊक! संपातल्या मुलींची नावं, गावं, जन्मतारखा, सगळं छापून कारखान्या-कारखान्यांत वाटलेलं. नवी मुलगी आली की आठ-दहा दिवसांत ताडून बघायचे. सापडली की बाहेर. कारण मात्र सांगायचं नाही. हात हळू म्हणायचं, मोकळं व्हायचं.

मला कळलं १९८९ साली. शाळेत, शिक्षकांच्या खोलीत. वर्तमानपत्रात त्या यादीचं छायाचित्र आलं होतं. एकेचाळिसावं नाव — योम बुन-रे. मी ते कात्रण कापून घेतलं, घडी केली, आणि घंटा झाल्यावर तासाला गेले. व्यवस्थित शिकवलं, एकही चूक न करता.

ताई तेव्हा एका सूपच्या खानावळीत भांडी घासत होती. संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. मग परीक्षा आल्या. मग तिच्या मुलाचं लग्न निघालं, मग तिचं पाठीचं ऑपरेशन. चौतीस वर्षं! कारणांना काय तोटा!

३१ ऑक्टोबर, मंगळवार

वर्गाचं पुस्तक निघणार. ताईचा लेख पहिला! प्यो बाई म्हणाल्या, "योम आजी, असं साधं लिहायला आम्हाला जन्म जाईल." लेखाला नावही त्यांनीच दिलं, 'हळू हात'. ताईचे कान लाल झाले. नोव्हेंबरच्या अखेरीला छपाईला जाणार.

म्हणजे आता ते छापलं जाणार. तिच्या नावानिशी.

७ नोव्हेंबर, मंगळवार

वर्गानंतर तिला शेवयांच्या दुकानात घेऊन गेले. आज सांगायचंच. वाडगे येईपर्यंत, मग निम्मे होईपर्यंत, मग संपेपर्यंत थांबले.

"ताई, मला तुला एक..."

"मुळा हवाय? घे की. एवढं काय ओढून ताणून बोलायचं!" आणि स्वतःच्या वाटीतला मुळा माझ्या वाटीत टाकला. मग सुरू झाली — पाच प्रती घेणार, एक मुलाला, एक खानावळीच्या मालकिणीला. "तिला दाखवीन म्हणते. वीस वर्षं मला 'ए भांडी' म्हणून हाक मारायची. आता वाच म्हणावं भांडीचा लेख!"

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मुळा खाल्ला.

मुलींना उभं करून विचारायची मी, गृहपाठ का नाही केला. मान खाली घालून उभ्या राहायच्या. राग यायचा मला त्यांचा.

२० नोव्हेंबर

शनिवारी ताईकडे किमची घालायची आहे. कोबीचे तीस गड्डे. तिथे आम्ही दोघीच असू. तिथे सांगते.

२५ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं.

तिच्या स्वयंपाकघरात जमिनीवर प्लास्टिक पसरून बसलो होतो. मधे मसाल्याची परात. माझा एक गड्डा भरून होईतो तिचे तीन व्हायचे. पानापानात मसाला, वरचं पान गुंडाळलं, डब्यात टाकला, पुढचा. माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तरीणबाई, ते कोबीचं पान आहे, वहीचं नव्हे. जरा दाबून भर."

मी म्हटलं, "ताई, तुझे हात कधीच हळू नव्हते."

"साठीनंतर झाले असतील चपळ!"

मग मी सगळं सांगितलं. धडा वाचल्यासारखं, सुरुवातीपासून, कुठेही न थांबता. संप सांगितला तेव्हा ती गड्डे भरतच होती. पोलिसांना नाव दिलं ते सांगितलं, तरी भरत होती. यादी म्हटलं तेव्हा थांबली. मी पिशवीतून कात्रण काढून समोर ठेवलं. तिनं हातमोज्यांच्या बोटानंच ओळी मोजल्या. कागदावर लाल ठिपके पडले.

"हे तुला कधी कळलं?"

"एकोणनव्वद साली."

तिनं हातमोजे काढले, हात उलटेसुलटे करून बघितले. मग म्हणाली, "अकरा कारखाने, जोंग-निम."

"ताई —"

"प्रत्येक वेळी घरी यायचे तेव्हा तू अभ्यास करत असायचीस. मी म्हणायचे, नको घाबरू, दुसरीकडे बघीन. आणि सकाळी उठून बोटांचे व्यायाम करायचे. लवकर चालावीत म्हणून! तू बघायचीस."

बघायचे. भिंतीकडे तोंड करून बसायची ती, तरी दिसायचं मला.

"तेव्हा तुला माहीत नव्हतं. ते सोड. एकोणनव्वदला तुला माहीत होतं." आवाज चढवला नाही तिनं. "जा तू आता."

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अजून दहा गड्डे राहिलेत!"

"जा म्हटलं ना."

जिन्यात कळलं की अंगावर एप्रन तसाच आहे.

२६ नोव्हेंबर

फोन उचलत नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

वर्गात तिची खुर्ची रिकामी. प्यो बाईंनी मला बाजूला घेतलं. "योम आजींनी लेख मागे घेतला. म्हणाल्या, त्यातली माहिती चुकीची निघाली. काय झालंय हो?" मी म्हटलं, मलाही माझा परत हवाय. त्यातली पण चुकीची आहे. तिला वाटलं असेल, दोघी बहिणींना एकदमच म्हातारचळ लागला.

३ डिसेंबर

तिच्या इमारतीपर्यंत गेले. खालूनच परत फिरले. खिडकीत उजेड होता — म्हणजे बरी आहे.

९ डिसेंबर, शनिवार

आली! न कळवता, दुपारी तीनला. कोट काढला नाही. चहा नको म्हणाली. ते कात्रण टेबलावर ठेवलं.

"याची कुणी चौकशी करतं का अजून?"

मी सांगितलं, एक सरकारी कार्यालय आहे. अर्ज करता येतो. पैसे वगैरे काही नाहीत, एक कागद मिळतो. या बाईवर अन्याय झाला, असं लिहिलेला.

"कुणाला मिळतो?"

"जिचं नाव यादीत आहे आणि जी त्या कारखान्यात कामाला होती, तिला."

"म्हणजे तुला नाही."

"नाही. यादीत माझं नाव कुठंय!"

"आणि मलाही नाही. मी तिथे पाऊलसुद्धा टाकलं नाही." तिनं कात्रणाची घडी घातली. "छान केलंस हो. दोघींपैकी कुणालाच नाही."

मग पिशवीतून वर्गाची वही काढली. पेन काढलं. "सांग."

"काय सांगू?"

"सगळं. कॉलर कशी लावतात? डाव्या हाताला कोण बसायचं?"

दोन तास! कॉलरीचं टोक सुईनं कसं बाहेर काढायचं. घंटा किती वाजता व्हायची. जेवणात काय — सोयाबीनच्या मोडांचं पाणी, त्यात मोड शोधावे लागायचे. डावीकडे माक-सुन, तोतरी, पण गाताना एकदाही अडखळायची नाही. मुकादमाला आम्ही काय नाव ठेवलं होतं. आठ दिवस कुठे झोपलो, कुणी कुणाचे केस विंचरले. ती एकेक शब्द लिहून घेत होती. मध्येच थांबवायची, "हळू सांग. खिडक्या किती?" मला आठवेना. "आठव." आठवल्या. सात, आणि एकीची काच फुटलेली.

शेवटी विचारलं, "तेव्हा भीती वाटली होती?"

"सहाव्या दिवशी. त्याआधी नाही."

तेही लिहिलं. वही मिटली, उठली. दारात मी म्हटलं, "ताई, मला माफ —"

"ते नंतर बघू," म्हणाली आणि बूट घालून गेली. मी खरं बोलते की नाही ते तपासायला आली होती बहुतेक. पास की नापास, काही कळलं नाही.

२४ डिसेंबर

दाराबाहेर किमचीचा डबा. चिठ्ठी नाही.

११ जानेवारी २०२४, गुरुवार

सकाळी दहाला फोन. त्या कार्यालयातून, एक तरुण आवाज. योम बुन-रे यांचा अर्ज आलाय, म्हणाला. पंचाहत्तर ते अठ्ठ्याहत्तर त्या स्वतः तिथे कॉलर लावत होत्या, संपात आठ दिवस जेवणघरात बसल्या होत्या, असं त्यांनी लिहिलंय. बारीकसारीक सगळं आहे, खिडक्यांसकट. साक्षीदार म्हणून तुमचं नाव दिलंय.

"बाई, त्यांना तिथे काम करताना तुम्ही स्वतः पाहिलंय का?"

मी म्हटलं, "हो. रोज."