भूगोलाच्या कव्हरातलं पान

१० ऑगस्ट, जामनगर, संध्याकाळ

माझा लहान भाऊ पप्या म्हणत आला, दादाच खोटा. दहा वर्षं त्याची एकच रड, "दादा, कॉमिकचं शेवटचं पान मी नाय फाडलं." तेव्हा मी त्याला चोर म्हणून बदडलं होतं. उद्या त्याची आयटीआयची फी भरायची शेवटची तारीख, तरी माझ्याकडे मागत नाही. आईच मागते. मी म्हटलं, त्याला तोंड आहे ना.

आज शिरगावचा रव्या सुट्टी संपवून गावाहून इथे कामावर परत आला. त्याच्याकडे आईने लाडू आणि माझं ते सुपरहिरोचं जुनं कॉमिक दिलं. बाबांना कळू नये म्हणून मीच त्याला खाकी कव्हर घालून वर 'भूगोल' लिहिलं होतं. आमच्या मांजर्लीच्या घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा भिजलं असणार, कव्हर सुटत होतं. ओढलं तर आत शेवटचं पान. कणकेच्या खळीने कव्हरालाच चिकटलेलं. मीच चिकटवलं की काय? दुसरं कोण.

पप्याला फोटो पाठवला. त्याचा मेसेज आला, "मग, जिंकला का तो?"

माफी लिहिता येईना. लिहिलं, दिवाळीला येऊन वाचून दाखवतो. फीचे आत्ताच पाठवतोय, सहा हजार पाचशे.