यादीतून गाळलेलं नाव

पौड, ९ फेब्रुवारी १९८५

प्रिय कोंडिबा,

येरवड्यात तुला भेटून चार महिने झाले. जाळीपलीकडून तू विचारलंस, "तुजं मशिन काय म्हनतंय?" मी हसून विषय बदलला होता. आज त्या मशिनबद्दलच, आमच्या संस्थेतल्या कॉम्प्युटरबद्दलच लिहितोय. पत्र आधी तिथले साहेब वाचतील. वाचू देत.

तुझी आई बरी आहे. गुडघे धरलेत, पण आमच्या अम्मीकडं चहाला चालत येते आणि तुझ्या लहानपणीच्या खोड्या सांगत बसते. तुझ्या वडिलांचं नाव मात्र ती घेत नाही.

तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. चावडीपुढं धरणग्रस्तांना मिळणाऱ्या जमिनीची यादी मीच वाचत होतो. तुझे वडील कुशाबा हैबती, आणि वरच्या आळीतला तोही कुशाबा हैबतीच. यादीत ते नाव एकदाच आलं, वरच्या आळीवाल्याच्या गट नंबरासकट. "अमजद, पुन्यांदा वाच," तुझे वडील म्हणाले. मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी शेजारीच उभ्या असलेल्या त्या कुशाबाची गचांडी धरली. "माजं नाव खाल्लंस व्हय रं?" दोन ठोशांत त्याचे पुढचे दात मातीत पडले. "मला काय बी ठावं न्हाई, आईच्यान!" तो रक्त थुंकत ओरडत होता, आणि तुझे वडील त्याचं डोकं ओट्यावर आपटत होते. त्याच्या हाताला भिंतीशी टेकवलेली पहार लागली. एकच घाव. तुझे वडील दमल्यासारखे खाली बसले आणि माझ्या मांडीवर कलंडले. त्यांच्या रक्तानं यादीचा कागद माझ्या बोटांना चिकटला.

तू कोयता घेऊन धावत आलास. त्यानं पहार टाकली होती, हात जोडले होते. तुला ते दिसलं नसेल. पहिल्या वारात ते जोडलेले हातच तुटले, दुसरा मानेत बसला. त्यानंतरही तू थांबला नाहीस. मी जागचा हललो नाही. कोर्टात मला सगळं विचारलं, पण त्या जोडलेल्या हातांबद्दल मी बोललो नाही. तुला फाशी होईल असं वाटलं. तू जन्मठेपेवर सुटलास.

आता माझं काम सांगतो. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम मशिनच्या भाषेत उतरवणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. माझा कंपायलर उतरवता उतरवता वायफळ काम गाळून टाकायचा, म्हणून प्रोग्रॅम पळायला लागायचा. बावीस गावांची ती यादी जुळवायला मशिनला नऊ तास लागत होते. वाटप समितीला घाई होती. मी तो जुळवणीचा प्रोग्रॅम माझ्या कंपायलरमधून काढला. चाळीस मिनिटं! संस्थेत सगळ्यांनी पाठ थोपटली.

नाव सारखं आलं तर गट नंबर पडताळायचा, असं मूळ प्रोग्रॅममध्ये होतं. माझ्या कंपायलरनं धरून चाललं की गट नंबर मघाचाच आहे, बदललेला नाही, आणि ती पडताळणी वायफळ म्हणून गाळली. दोन कुशाबांचा एक झाला. तुझ्या वडिलांचं नाव वरच्या आळीच्या कुशाबानं खाल्लं नव्हतं, कोंडिबा. माझ्या चुकीनं गेलं. हे मला तुझा खटला उभा राहायच्या आधी कळलं होतं. त्या कंपायलरवरचा माझा निबंध छापायला जायचा होता. मी चूक दुरुस्त केली आणि गप्प बसलो.

परवा तुझा धाकटा भाऊ गेणबा आमच्या दुकानात आला. वरच्या आळीच्या कुशाबाच्या बायकोचा, साळूबाईचा मुलगा होळीला पलटणीतून सुट्टीवर येतोय. "यष्टीतून उतरला की उभा चिरतो," गेणबा म्हणाला. मी त्याला हे सगळं सांगितलं. "तू त्यांच्यात सामील झालायस," म्हणत त्यानं मला वजनाच्या मापानं मारलं. जबडा बांधलाय, दोन बरगड्या मोडल्यात, म्हणून अक्षर असं आलंय. उद्या वकिलाकडं जाऊन सगळं लिहून देणार आहे, पण कोर्टाचा कागद गेणबाला थांबवणार नाही. तो फक्त तुझं ऐकतो. तू ज्याला मारलंस तो निर्दोष होता, एवढं तुझ्या अक्षरात त्याला लिही. ते लिहिणं तुला किती जड जाईल हे कळतं, आणि तुझ्याकडं काही मागायचं तोंड मला नाही. तरी मागतोय. साळूबाईचा मुलगा वीस वर्षांचा आहे. होळीला सव्वीस दिवस उरलेत.

तू म्हणू दिलंस तर, तुझाच
अमजद