गाडीची किल्ली माझ्याकडे आहे

बाळा,

गाडीची किल्ली शोधत बसू नकोस, ती मी बरोबर घेतली आहे. चिमणीला पायीच शाळेत घेऊन चालले आहे. तुला उठवायला आले होते, पण रात्रपाळी करून आलेला, मन झालं नाही.

काल येताना मागच्या सीटवर चिमणी माझ्या मांडीवर आडवी झाली. "आजी, डोकं दुखतंय," म्हणाली आणि दारात उतरताच ओकली. वारा लागला तशी पुन्हा खेळायला लागली. या गाडीत माझंही डोकं दर वेळी धरतं. सूनबाई म्हणाली, वय झालं. मलाही ते पटलं होतं. पण पोरीचं काय वय झालंय?

म्हणून आज मागची चटई उचलून पाहिली. खाली पत्रा गंजून तळहाताएवढं भोक पडलं आहे, कडा सायलेन्सरच्या धुरानं काळ्या झाल्या आहेत. गाडी विकणाऱ्यानं वरून नवी चटई चिकटवून दिली. तू पुढे काच उघडी ठेवून बसतोस, तुला कळणार कसं?

गाडी आणलीस तेव्हा पहिल्यांदा मलाच बसवलंस. धुराचा वास आला होता, पण तुझा तो चेहरा बघून मी गप्प राहिले. आता राहणार नाही.

गाडी परत घे म्हणालास की तो विकणारा म्हणेल, जुन्या गाडीला वास यायचाच. त्याच्याशी वाद घालू नकोस. एवढंच म्हण, "तुझ्या स्वतःच्या आईला मागे बसव, काचा लाव आणि बाजारापर्यंत फिरवून आण." तो तयार झाला, तर किल्ली देते.

जेवण झाकून ठेवलं आहे.

आई