काकांचं नाक

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज पुन्हा तुमच्याशी भांडायला बसले आहे. सवय जात नाही.

ठाकुर्लीच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही ती यादी केली होती. मंदी आली, बिअरच्या कारखान्याने एक पाळी बंद केली आणि कोणाला घरी पाठवायचं ते सुपरवायझर म्हणून तुमच्या गळ्यात पडलं. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही नावं लिहिताय, आणि पहिलंच नाव काकांचं. तुमच्या शेजारी उभं राहून वर्षानुवर्षं बिअर चाखणाऱ्या जिवलग मित्राचं. मी कॉलेजातली, तोंडाळ. "बाबा, तुम्ही माणसं विकताय," म्हणाले. तुम्ही मान वर केली नाहीत. "कंपनी गेटवर कागद चिकटवणारे. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगणारे. तुला जमेल का ते बघ कधीतरी." आणि गेलात, सगळ्यात आधी काकांकडेच. काकूंनी तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही.

तुम्ही गेल्यावर वर्तकनगरजवळ गाळा घेऊन मी माझी छोटी ब्रुअरी काढली आणि काकांनाच बोलावलं. तुम्हाला खिजवायलाच, खोटं कशाला बोलू? आता पुन्हा मंदी आहे. मोठ्या कंपनीचं काय जातं? एक पाळी कमी करते, स्वस्तातली बिअर जास्त काढते, बारवाल्याला फुकट फ्रिज देते, की तो आमच्या बिअरचा नळ काढून टाकतो. नोकरी गेलेली पोरं आधी आमचाच महागडा ग्लास सोडतात. माझ्याकडे टाक्या चार, माणसं पाच. बिअर पडून राहायला लागली.

एका सकाळी काकांनी ग्लास हुंगला. "अगं, ही आंबटलेय. सोडून दे गटारात." मीही चाखली. मग सगळ्यांसमोर हसले आणि म्हणाले, "काका, वय झालं. तुमचं नाक गेलंय. आता घरी आराम करा." एका वाक्यात बिअरही वाचली आणि एक पगारही. काकांनी ग्लास पुन्हा हुंगला, बराच वेळ. मग एप्रन काढला, त्याची घडी घातली आणि गेले. बिअर मी विकली. बारवाल्यांनी ती परत पाठवली नाही, पण पुन्हा मागवलीही नाही.

काल काकूंचा फोन आला. काका आता दूध नासलंय का तेही काकूंनाच विचारतात. डॉक्टरांनी नाक ठणठणीत असल्याचं सांगितलंय, तरी ताटावर वाकून बसतात आणि म्हणतात, "तूच सांग, मला काय कळत नाय आता." काकूंनी विचारलं, "त्या दिवशी खरंच चुकले होते का गं ते?"

"हो काकू," मी म्हटलं. लगेच म्हटलं, जराही न थांबता.

बिअर आंबटच होती, बाबा. पहिल्या घोटातच कळलं होतं मला. हे तुम्हालाच सांगतेय, कारण तुम्ही उठून त्यांना सांगायला जाणार नाही.