जावळ आणि हेल्मेट

॥ श्री ॥

धायरी, पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय यमूस,
स. न. वि. वि.

आज सकाळी सायकल पुसताना आपली कॅम्पातली शाळा आठवली. मी पायडल मारायची आणि तू कॅरिअरवर दोन्ही दप्तरं मांडीवर घेऊन बसायचीस. चौकात पोलीस दिसला की डबलसीटच्या दंडाच्या भीतीनं तू उडी मारायचीस आणि माझी-तुझी ओळखच नसल्यासारखी चालायला लागायचीस. एकदा मला ते कळलंच नाही. मी शाळेच्या फाटकापर्यंत तुझ्याशी बोलत गेले. तिथे सिस्टरनी विचारलं, की मी इंग्रजी सोडून मराठीत कोणाशी बोलते आहे, तेव्हा मी मागे वळून पाहिलं.

तर विहीणबाई, त्या जागेवर बसायला आता नवी सवारी तयार आहे. आपली नात वल्लरी. आमचा विश्वजीत तिला गाडीतून बालवाडीत सोडतो. फाट्यावरच्या गर्दीत निम्मी सकाळ जाते आणि पोरगी रोज ओकते. मागच्या गल्लीनं गेलं तर बालवाडी हाकेच्या अंतरावर आहे. मी म्हटलं, मी सायकलवर नेते. चिरंजीव म्हणाले, आई, तू बासष्ट वर्षांची आहेस. मी म्हटलं, ठाऊक आहे, जन्मले तेव्हा मी हजर होते.

मग आम्ही दुकानं पालथी घातली. लहान मुलांच्या सीटमध्येही इतके प्रकार असतील असं मला वाटलं नव्हतं. एक पुढे हँडलपाशी लागते. मूल आपल्या दोन्ही हातांच्या मधे बसतं, बोलायला छान, पण माझे गुडघे बेडकासारखे बाहेर गेले आणि वल्लरीचं डोकं थेट माझ्या हनुवटीखाली आलं. शिवाय वर्षभरात ती त्यात मावायची नाही. दुसरी मागे लागते, पाठ उंच, पाय अडकवायला पट्टे. तिसरा म्हणजे ट्रेलर, सायकलच्या मागे ओढायची दोन चाकांची छोटी खोलीच. तो मी अजून फक्त चित्रात पाहिला आहे.

पण खरी अडचण सीटची नाही. सृष्टीनं एकच अट घातली आहे, हेल्मेट नाही तर सायकल नाही, आणि सून म्हणून नाही तर आई म्हणून ती बरोबर आहे. हेल्मेट भुवयांच्या जरा वर सरळ बसायला हवं. आमच्या बाईसाहेबांचं जावळ तुला माहीत आहे, कुरळं, दाट, जन्मापासून कात्री न लागलेलं. वर बांधलं तर हेल्मेट शेंडीवर बसतं. मोकळं सोडलं तर डोळ्यांवर येतं. वेण्या घातल्या तर फाटकापर्यंत जाईतो त्या सुटलेल्या असतात.

जावळ काढलं की प्रश्न मिटला. आणि जावळ निघतं मामाच्या मांडीवर.

मामा म्हणजे तुझा शुभंकर. तो लग्नाच्या दिवसानंतर आमच्या दारात आलेला नाही. कानपिळीच्या वेळी तो विश्वजीतचा कान धरून उभा होता आणि आमचे मच्छिंद्रभावजी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, की पाव्हणं, कानच पिळा, सात-बारा मागू नका. धायरीच्या जमिनीकडे बघून वर्ध्यानं मुलगी दिली, असाच त्याचा अर्थ. लोक हसले. शुभंकर कान सोडून मांडवाबाहेर गेला. ज्या पोरानं लहानपणी मला शरूमावशी म्हणत माझ्याकडे सुट्ट्या काढल्या, त्याला आमच्याच माणसानं असं बोलावं.

फेब्रुवारीत वल्लरीला तीन पूर्ण होतील. चौथ्या वर्षात जावळ काढत नाहीत, म्हणजे मग थेट पाचव्यात. मधे पौषही आहे. काय करावं ते सुचव.

लोभ आहे तसाच राहू दे, उरला तर वाढव.

तुझी,
शरयू


वर्धा
२७ नोव्हेंबर २०२४

प्रिय शरूस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. फाटकातली गोष्ट तू मला चाळीस वर्षं सांगते आहेस आणि दर वेळी सिस्टर अधिक रागीट होतात.

मला सायकलीतलं काही समजत नाही, पण एक विचारते. त्या ट्रेलरमध्ये पोरगी मागे काय करते ते तुला दिसणार कसं? तिच्या आईला मी टोपलीत घालून शेतावर नेलं होतं. पोचून बघते तर टोपलीतल्या निम्म्या भाकरी संपलेल्या. म्हणून आपलं विचारलं.

शुभंकरला मी जेवताना सांगितलं. जावळाचं बोलले तेव्हा त्यानं ताटातून मान वर केली नाही. सायकलचं बोलले तेव्हा विचारलं, की कॅरिअर कोणतं आहे. मी म्हटलं, काळं. तो हात धुवायला उठून गेला. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवून शिकवून त्याला माणसांपेक्षा नटबोल्टांची काळजी जास्त. बापाचाच पोरगा आहे, मी ढकलून तो यायचा नाही. ढकललं तर आणखी आत जातो.

आमच्याकडे मामा दूर असला तर शेजारचा कोणी मानलेला मामा बसवतात आणि काम उरकतात. तुम्हीही तसंच करा. माझा राग नाही. सृष्टी एवढी शिकलेली, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, तिला काय फरक पडतो?

गुडघ्याला तेल लाव. नातीचा पापा घे. मनात वाईट आणू नकोस, माझ्या मनात नाही.

तुझी,
यमू


धायरी, पुणे
९ डिसेंबर २०२४

प्रिय यमूस,
स. न. वि. वि.

सृष्टीला काय फरक पडतो, ते सांगते.

तुझा निरोप मी तिला दिला. शेजारी मच्छिंद्रभावजी बसले होते. ते लगेच म्हणाले, की मानलेला मामाच हवा तर धायरीत हवे तेवढे मिळतील, सकाळी सांगा, संध्याकाळी रांग लावतो. सृष्टी लॅपटॉपवर काम करत होती. तिनं तो मिटला. ती आवाज न चढवता म्हणाली, की दादा येईल तेव्हाच केस निघतील, नाही आला तर पाचव्या वर्षी, नाहीतर सातव्या. सायकल नको, हेल्मेट नको. दादासाठी तिच्याकडे एवढी एकच जागा उरली आहे आणि ती तिला दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. मग लॅपटॉप उघडून ती पुन्हा मीटिंगमध्ये गेली. भावजींनी निम्मा प्यायलेला चहा तसाच खाली ठेवला. मी त्यांना काही म्हटलं नाही. तुझं ढकलण्याबद्दलचं वाक्य लक्षात होतं.

मला इतकी वर्षं वाटत होतं, की रीतिभाती मी पाळते आणि सून माझ्यासाठी चालवून घेते.

असो. माझं संशोधन सुरूच आहे. रविवारी खडकवासल्याच्या रस्त्यावर अखेर ट्रेलर पाहिला. एक तरुण जोडपं, मागे डब्यात मूल, वर नारिंगी झेंडा. मी त्यांना चक्क हात करून थांबवलं. त्या मुलीनं मला आत वाकून बघू दिलं. आत अगदी ऐसपैस आहे, पट्टे आहेत, जाळी आहे, सायकल कलंडली तरी डबा सहसा कलंडत नाही म्हणे. तरी मी विचारलंच, की पुण्यात रोज वापरता का? ती म्हणाली, छे, गाडीत घालून इथवर आणतो. आमच्या गल्लीत वाळूचे डंपर येतात. त्या ड्रायव्हरला गुडघ्याएवढ्या उंचीवरचा डबा दिसायचा नाही. शिवाय तुझी भाकरीची टोपली आठवली. ट्रेलर बाद.

म्हणून मागची सीट घेतली. कॅरिअरवर बसवली आणि वल्लरीच्या वजनाचं इंद्रायणी तांदळाचं पोतं पट्टा लावून आत ठेवलं. गल्लीतून तीन फेऱ्या मारल्या. सुरुवातीला सायकल अंगावर येते, उतरताना तर फारच. समोरच्या इंदुबाईंनी विचारलं, की तांदळालाही बालवाडीत घातलं का? मी म्हटलं, हो, तो रडत नाही.

हेल्मेटही घेतलं. सृष्टीला न विचारता. वल्लरीच्या केसांना भरपूर तेल चोपडून, दाबून बसवून डोक्याचा घेर मोजला आणि जावळानंतर बसेल त्या मापाचं आणलं. ते आज कुरिअरनं तुझ्याकडे पाठवते आहे. शुभंकरला दे. इथे ठेवलं तर वल्लरी त्यात शेंगा भरते. सोबत सीट बसवलेल्या सायकलचा फोटो आहे. तोही त्याच्या नजरेला पडला तर पडू दे.

प्रेम कमी झालंसं वाटलं तर कळव, दोन पानं जास्त लिहीन.

तुझी,
शरयू


वर्धा
२० डिसेंबर २०२४

ती. शरूमावशीस,
सा. न. वि. वि.

फोटो पाहिला. सीट लगेच काढावी.

कारणं लिहितो. तुमच्या सायकलचं कॅरिअर जुनं आहे आणि त्याच्या डाव्या पायाला वेल्डिंगचा सांधा दिसतो. पोतं स्थिर बसतं, मूल उड्या मारतं. दोन्हींचं वजन सारखं असलं तरी भार सारखा नसतो. कॅरिअरवर न बसता मधल्या उभ्या नळीला पकडणारी सीट येते, ती घ्यावी. तुमच्या लेडीज सायकलला ती नळी पुरेशी सरळ आहे, फोटोवर मी पट्टी लावून पाहिलं.

तुमच्या स्वतःच्या सीटखाली उघड्या स्प्रिंगा आहेत. मागच्या मुलाची बोटं बरोबर तिथेच येतात. स्प्रिंगांना जाड कव्हर हवं, किंवा साधी बिनस्प्रिंगची सीट. मागच्या चाकाला जाळी दोन्ही बाजूंनी हवी, तुमच्याकडे एकाच बाजूला आहे. पायाचे पट्टे रोज बांधायचे, जवळ जायचं असलं तरी. सायकल स्टँडवर लावून मूल वर बसवून ठेवायचं नाही, क्षणभरही नाही. ओढणी घरी ठेवावी.

ट्रेलरबद्दलचा तुमचा निर्णय त्या गल्लीसाठी योग्य आहे.

हेल्मेटच्या मापाबद्दल मला इथून सांगता येणार नाही. त्यासाठी डोकं पाहावं लागेल. बोल्टही पत्रातून आवळता येत नाहीत. माघ लागला की शनिवार-रविवार धरून येतो. तोवर तिला बसवू नये.

मच्छिंद्रकाकांविषयी मला काही लिहायचं नाही. सृष्टी काय म्हणाली ते आईनं मला वाचून दाखवलं.

वल्लरीला आशीर्वाद. बाळंतपण तिकडेच झालं आणि मी आलो नाही, त्यामुळे मी तिला अजून पाहिलेलं नाही, ते तेव्हाच पाहीन.

आपला,
शुभंकर


धायरी, पुणे
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय यमूस,
स. न. वि. वि.

हे पत्र शुभंकरच्याच हाती देते आहे. काल सारं पार पडलं.

तो पहाटेच्या बसनं आला. दारात सृष्टी उभी होती. त्यानं बॅग खाली ठेवली, सायकल कुठे आहे विचारलं, आणि ती म्हणाली की आधी चहा. एवढंच. पण चहात तिनं साखर दोनदा घातली आणि त्यानं तो निमूट प्यायला.

केस काढायला दशरथराव आले. भावकी जमली होती, मांडवात होती तीच सगळी. शुभंकर पाटावर बसला, वल्लरी त्याच्या मांडीवर. पहिली कात्री लागताच तिनं मामाच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला आणि जी रडायला लागली ती थांबेना. तेवढ्यात मच्छिंद्रभावजी उठून उभे राहिले. मला धडकीच भरली. ते म्हणाले, की लग्नात ते जे बोलले ते चुकलं होतं, तेव्हा ज्यांनी ऐकलं त्यांनी आताही ऐकून घ्यावं. या पोरीच्या आईकडे बघून त्यांना दोन महिने चहा गोड लागला नाही म्हणाले.

शुभंकरचं तोंड लाल झालं. मागच्या वेळेसारखं उठून जाता येत नव्हतं, मांडीवर भाची होती. तो तसाच बसून राहिला, तिचं डोकं एका हातानं धरून. सगळे केस उतरल्यावर तो भावजींना म्हणाला, की नवी सीट बसवायची आहे, हँडल कोणीतरी घट्ट धरायला हवं. भावजींनी नव्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. दुपारभर ते दोघं अंगणात होते. भावजी मधेमधे सूचना करत आणि तो त्या ऐकत नव्हता. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

त्यानं परत आणलेलं हेल्मेट बसलं. अगदी बरोबर नाही, बोटभर सैल. मापताना मी तेलाचाही थर मोजला बहुतेक. त्यानं आतला पट्टा ओढून ते नीट केलं.

आज सकाळी मी तिला घेऊन निघाले. आधी त्यानं मला पोत्यासकट फेऱ्या मारायला लावल्या आणि परीक्षकासारखा बघत राहिला. मग परवाना दिला, फक्त मागची गल्ली, फक्त सकाळी. वल्लरीनं निघाल्यापासून पोचेपर्यंत विचारलं, की तिचे केस आता कुठे राहतात, त्यांना रात्री भीती वाटेल का, पुन्हा येताना ते तेच येतील का दुसरे. मी आपली घंटी वाजवत राहिले. बालवाडी रविवारची बंद होती, तरी आम्ही तिच्या फाटकाला हात लावून आलो. ती ओकली नाही.

सृष्टी परत येईपर्यंत दारात उभी होती, भावाशेजारी.

आता सामानाचं. पेढ्यांचे दोन डबे आहेत, मोठा तुझा आणि छोटा शुभंकरच्या आयटीआयतल्या मंडळींना. अंजिरी साडी भावजींनी तुझ्यासाठी स्वतः दुकानात जाऊन निवडली आहे. रंग भडक आहे, तरी एकदा नेसून फोटो पाठव, ते रोज विचारतील. कागदात बांधलेली वल्लरीची एक बट तुझी, ती देव्हाऱ्यात नको, तुझ्या कपाटात ठेव. चकल्या वाटेत खायला शुभंकरच्या, उरल्या तर तुझ्या, उरणार नाहीत.

त्याचा आहेर मात्र पिशवीत शोधू नकोस. सदरा, उपरणं आणि भावजींनी दिलेलं सगळं मी इथेच कपाटात ठेवलं आहे. नवे बोल्ट महिन्याभरानं पुन्हा तपासावे लागतात असं तो स्वतःच म्हणाला. तेव्हा आल्यावर त्याचं त्याला मिळेल.

तुझी,
शरयू