न विचारलेला चौदावा प्रश्न

३ ऑगस्ट, रविवार. श्रीरामपूर.
आज चर्चमध्ये प्रभुभोजन. भाकर आणि प्याला घेऊन फिरायला आमचे शाळेतले सर उभे राहिले नाहीत. मला कळायला लागल्यापासून हे पहिल्यांदाच. मागच्या बाकावर बसले होते, त्यांच्या बायको, आमच्या काकू, शेजारी. ताट दुसऱ्याच कुणाच्या हातात. पाळकसाहेबांनी कारण सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, अख्ख्या मंडळीला ते पिवळं कार्ड माहीत आहे.
कार्डं मीच दिली होती. जुलैत आमच्या यकृत-तपासणी प्रकल्पाचे निकाल आले, प्रत्येकाचं एक कार्ड. घरोघरी फिरायचा कंटाळा आला म्हणून आमच्या गावचा अख्खा गठ्ठा चर्चच्या सेक्रेटरींच्या हातात ठेवला. उघडी कार्डं. सरांच्या कार्डावर शिक्का: मद्यपान पूर्ण बंद करा.
सातवीत असताना रविवारच्या शाळेत सरांनीच आमच्याकडून सह्या घेतल्या होत्या. ‘मी मद्याला शिवणार नाही.’ ती प्रतिज्ञा मी केव्हाच मोडली. भिंगारला मेहुण्याकडे गेलो की एखादी बिअर होते. सरांच्या कार्डावरचा शिक्का पाहिला तेव्हा, खोटं कशाला लिहू, जरा बरंच वाटलं होतं. चला, सरसुद्धा.
पण आज ते मागच्या बाकावर पाहवेनात.

७ ऑगस्ट.
कोपरगावला कॅम्प. काम नेहमीचंच: फॉर्म भरा, रक्त काढा, नळ्या बर्फाच्या डब्यात घालून नगरला पोचवा. यकृत कुणाचं बिघडतंय आणि अंगात लोह किती साठलंय, हे प्रकल्पाच्या डॉक्टर मॅडमना ताडून बघायचंय.
सरांचे धाकटे भाऊ भास्करराव आले होते. साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर असतात. रंग काळवंडलेला, बोटांची पेरं सुजलेली. सरांची असतात तशीच. पाहिलं आणि सोडून दिलं.
प्र. १४, दारू घेता का? त्यांना सरळ विचारला. ते हसले.
“न्हाई बाबा. दादाच्या धाकानं आमच्या घरात कुनी वासबी घेतल्याला न्हाई.”
मी ‘नाही’वर खूण केली. ते वाक्य मात्र कोपरगाव ते श्रीरामपूर एसटीत डोक्यात फिरत राहिलं.

१४ ऑगस्ट. नगर.
भास्कररावांचा रिपोर्ट आला. लोहाचा साठा भलताच. मॅडमनी दोनदा तपासायला लावला, तोच आकडा. मॅडम खुर्चीतून उठल्याच.
“न पिणाऱ्या माणसात एवढं लोह! हे जन्मजात असणार. अशा लोकांचं शरीर अन्नातलं लोह शोषतच राहतं, थांबत नाही. ते यकृतात साठतं, सांध्यांत साठतं, शेवटी यकृत कडक होतं. याची सख्खी भावंडं शोध.”
म्हणालो, थोरला भाऊ आहे. आपल्याच यादीत.
फॉर्म काढला. सरांचंही लोह जास्तच. मॅडम हिरमुसल्या. “अरे, हा पितो. म्हणून मी याचं लोह दारूच्या गटात टाकलं. दारूनंही वाढतं.” मग चष्म्यावरून बघत, “नीट विचारलं होतंस ना?”
मी म्हणालो, “हो मॅडम.”
जीभ अडखळली नाही. याचीच जास्त लाज वाटते.

१५ ऑगस्ट. सुट्टी.
सगळं नीट लिहून काढतो.
मार्च. सरांच्या घरी ओट्यावर बसलो होतो. काकूंनी चहा ठेवलेला. एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होतो. वय, शुगर, कावीळ कधी झाली का. तेराव्यापर्यंत आलो आणि वर पाहिलं. सर माझ्याकडेच बघत होते, पुढचा प्रश्न ऐकायला. तोंडच उघडेना. ज्यांनी मला बाराखडी शिकवली त्यांना विचारू, दारू घेता का? चौदा गाळला, पंधरा वाचला.
आम्हा फॉर्मवाल्यांची ही जुनीच पद्धत. वडीलधारा माणूस असला की चौदावा तोंडावर विचारायचा नाही. बाहेर पडून आजूबाजूला कानोसा घ्यायचा, माणसाकडे बघून ठरवायचं. याला आम्ही मान राखणं म्हणतो.
मग फाट्यावर गाडी थांबवली. सरांच्या डोळ्यांत पिवळसर झाक होती. त्यांचा हातही थोडा थरथरत होता. शिवाय सलूनवाला एकदा म्हणाला होता, “सर गुपचूप घेत्यात वाटतं, डोळं बगा की.” टाकीवर फॉर्म ठेवला आणि ‘होय’वर खूण केली. वर स्वतःची पाठ थोपटली, सरांना अवघड जागी धरलं नाही म्हणून.
त्याच दिवशी काकूंना शहाणपणही शिकवलं होतं. “सर फार थकल्यासारखे दिसतात. लोखंडी कढईत भाजी करा, गूळ-शेंगदाणे द्या.” पुढच्या खेपेला मेडिकलमधून लोहाच्या टॉनिकची बाटलीही नेली. काकूंचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, पोटच्या पोरानं केलं नसतं.
ज्याच्या यकृतात लोह साठतंय त्याला मी...

१८ ऑगस्ट.
सरांकडे गेलो. सांगायला. सर आत पडून होते, बाहेर आले नाहीत. काकूंनी आपणहून फडताळातली बाटली दाखवली. तिसरी. “तू सांगितलंस तवापासनं एक दिस चुकवला न्हाई.” चुलीवर लोखंडी कढई, कढईत मेथी.
एवढंच म्हणालो की टॉनिक बंद करा, कढईही नको.
“का रं? रक्त वाढंना व्हय?”
त्याच बोलायला लागल्या, हळू आवाजात, आतल्या दाराकडे बघत. “कार्ड आलं त्या दिवशी मी ट्रंका धुंडाळल्या. कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातला. काय गावलं न्हाई. मंग ते झोपलं की जवळ जाऊन... चाळीस वर्सांचा संसार, अन मी त्यांच्या तोंडाचा वास घेती रं.”
चहा न पिता निघालो. काकूंना वाटलं मला घाई आहे.

१९ ऑगस्ट. नगर.
मॅडमना सांगितलं. न विचारल्याचं, त्या दिवशीच्या खोट्याचं, टॉनिकचं. त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.
“असे फॉर्म किती?”
“जिथे ओळख होती तिथले.”
“म्हणजे तुझ्या अख्ख्या तालुक्यातले.” फॉर्मचा गठ्ठा पुढे ओढला. मग: “या आजारावर उपाय काय, माहीत आहे? रक्त काढणं. पिशवीभर काढायचं, पुन्हा काढायचं, साठलेलं लोह उतरेपर्यंत. पाच महिने त्या माणसाचं रक्त काढायला हवं होतं, आणि तू टॉनिक पाजत होतास.”
आता सगळे फॉर्म पुन्हा भरायचे, दुसऱ्या कुणीतरी. सरांच्या यकृताचा स्कॅन, भावांची जनुकांची तपासणी. नोकरीचं पुढे बघू म्हणाल्या.
दारापर्यंत गेलो तेव्हा म्हणाल्या, “कार्डाची माफी मी मागेन. प्रश्नाची तू माग.”

२४ ऑगस्ट, रविवार.
उपासना चुकवून सरांच्या घराबाहेर थांबलो. ते दोघं परतले तेव्हा उन्हात उभाच होतो. ओट्यावरच सगळं बोलून टाकलं. काकू उंबऱ्यातच बसल्या.
सरांनी चपला काढल्या. मग म्हणाले, “शमुवेल, फॉर्म आणलायस?”
कोरा होता पिशवीत.
“काढ. विचार.”
सर, आता त्याची गरज...
“चौदावा. विचार.”
पाढा विसरलेल्या पोरासारखा उभा होतो. शेवटी विचारलं. सर, तुम्ही दारू घेता का?
“नाही. लिही.”
लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.
“आता मी विचारतो. तू घेतोस?”
काकू समोर. खोटं बोलायची सवय मला आहे, पण तिथे नाही जमलं. “हो सर. कधीमधी. भिंगारला.”
सर मान हलवत राहिले. “बघ. विचारलं की माणूस सांगतो.”
आत गेले. माफ केलं म्हणाले नाहीत. मीही मागायची राहून गेली, हे गाडीवर बसल्यावर ध्यानात आलं.
काकू मागून आल्या. “तवाच इचारलं आसतंस तर?” एवढंच.

२ सप्टेंबर. नगर.
दोघा भावांचं रक्त काढलं, शेजारशेजारच्या खाटांवर. सुई मला लावू दिली नाही. सरांनी नाही, मॅडमनी. मी पिशव्यांवर नावं लिहिली. भास्करराव चेष्टा करत होते, “लोक रक्त चढवाय येत्यात, आमी उतरवाय आलोय.” सर हसले. माझ्याकडे बघून नाही.
भास्कररावांचं यकृत बरं आहे, वेळेवर सापडले. सरांच्या स्कॅनवर मॅडम समाधानी नाहीत. मुंबईला पाठवलाय. उशीर झाला का, हे मी विचारलं. “पाच महिन्यांनी किती फरक पडला ते कुणालाच सांगता येणार नाही,” म्हणाल्या. म्हणजे मला आयुष्यभर कळणार नाही.

६ सप्टेंबर, शनिवार.
उद्या प्रभुभोजन. पाळकसाहेबांनी ताट घेऊन फिरायला या म्हणून सरांना निरोप धाडला. सरांनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. प्रभुभोजनाआधी मला उभं राहून बोलायला दोन मिनिटं दिली आहेत, मीच मागितली. कागदावर लिहिलंय. आईने वाचलं आणि म्हणाली, “बिअरचं गाळ.” गाळणार नाही. एकदा गाळून बघितलंय.
संध्याकाळी काकू दारात आल्या, चालत. आत आल्या नाहीत.
“उद्या तुज्यानंतर मीबी उभी राहनार हाय. वास घ्यायची ते सांगायला.”
म्हणालो, काकू, ते कुणालाच माहीत नाही, सरांनाही नाही. कशाला?
“त्यास्नी ठाव हाय रं. पहिल्याच राती ठाव झालं. दुसऱ्या रातीपासनं झोपायच्या आधी ते आपनच तोंड माज्यापुढं करायचे अन श्वास सोडायचे. मी मान वळवली की मंग झोपायचे.”
पदर सारखा करून त्या निघाल्या. फाट्यापर्यंत सोडतो म्हणालो तर नको म्हणाल्या.
कागदाला अजून हात लावलेला नाही. दोन मिनिटांत कुठून सुरुवात करू?